साइड मागायची कशी, द्यायची कशी : मुंबईतल्या सायकलवाल्यांसाठी आणि गाडीवाल्यांसाठी

मी मुलुंडला राहते, ऑफिस विक्रोळीला, अंतर साधारण ९ किलोमीटर, आणि आठवड्यातले चार दिवस एलबीएस (लाल बहादूर शास्त्री) मार्गाने सायकलवर जाते. आईला डॉक्टरकडे न्यायचं असेल किंवा जास्त सामान आणायचं असेल तर घरची गाडी पण मीच चालवते, त्यामुळे तोच रस्ता मी हँडलवरूनही बघते आणि स्टिअरिंगवरूनही, आणि दोन्हीकडचा राग मला कळतो. गाडीत बसलं की वाटतं हा सायकलवाला मधेच काय चाललाय, सायकलवर बसलं की वाटतं याला अर्धा फूट बाजूने जायला काय होतंय.

इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली, की रस्त्यावरची बहुतेक भांडणं होतात ती समोरचा पुढच्या तीन सेकंदांत काय करणार हे दुसऱ्याला न कळल्यामुळे. आपल्याकडे त्यासाठी चांगला शब्द आहे, साइड. साइड मागायची असते आणि द्यायची असते, आणि दोन्ही गोष्टी दिसतील अशा करायच्या असतात. खाली लिहिलंय ते सगळं त्याच्याभोवतीच आहे.

सुरू करायच्या आधी गाडीवाल्यांना एक सांगते. मुंबईत सायकलवाला म्हटलं की हेल्मेट आणि टाइट कपडे घालून रविवारी सकाळी मरीन ड्राइव्हला फिरणारे डोळ्यांसमोर येतात, पण रोज सायकल चालवणारे वेगळेच असतात. पहाटे पोंक पोंक करत येणारा पाववाला, हँडलला किटली लावून फिरणारा चहावाला, डबेवाले, इडलीवाले अण्णा, पेपर टाकणारी मुलं, नाइट ड्युटी संपवून घरी जाणारे वॉचमन. यांना "हौस असेल तर आरे कॉलनीत जाऊन चालवा" म्हणून काही उपयोग नाही, कारण यात हौस नाहीये, पोट आहे. तुमच्यासमोर जो सायकलवाला आहे तो बहुतेक वेळा कामावर निघालेला माणूस आहे एवढं लक्षात ठेवलं तरी हॉर्नवरचा हात थोडा हलका होतो.

निघायच्या आधीची पाच मिनिटं

सायकलवाल्यांनो, दोन्ही ब्रेक दाबून बघा, टायर दाबून बघा, घंटी वाजते का बघा, लाइट चार्ज आहे का बघा. पुढे पांढरा, मागे लाल. रात्री मागे नुसता रिफ्लेक्टर असला तर मागच्या गाडीचा हेडलाइट त्याच्यावर पडेपर्यंत तुम्ही अंधारातच आहात, त्यामुळे लाल लाइट हवाच. पुढचा लाइट थोडा खाली रस्त्याकडे वळवा, हल्लीचे ब्लिंकर इतके कडक असतात की समोरून येणाऱ्या बाइकवाल्याला दोन सेकंद काहीच दिसत नाही, आणि तो आपल्याच अंगावर यायची भीती असते.

पावसाळ्यात काळा किंवा गडद निळा रेनकोट नको, पिवळा किंवा पोपटी घ्या. चाकाच्या रिमला लागणारे ब्रेक ओले झाले की पहिले एक-दोन सेकंद पकडतच नाहीत, म्हणून पावसात मधून मधून ब्रेक हलका लावून रिम पुसून घ्यायची सवय ठेवा आणि पुढच्या गाडीपासून नेहमीपेक्षा दुप्पट अंतर. इअरफोन घरी किंवा बॅगेत. मागून काय येतंय ते या शहरात अर्धं कानानेच कळतं.

रस्त्यावर नक्की कुठे चालवायची

इथेच सगळ्यात जास्त गैरसमज आहे, त्यामुळे जरा थांबून सांगते. नवीन माणूस सायकल घेऊन निघाला की फूटपाथच्या कडेला चिकटून चालवतो, त्याला वाटतं हेच सेफ आहे आणि हाच शहाणपणा. पण कडेला काय असतं ते बघा. गटाराच्या जाळ्या, ज्यांच्या पट्ट्या कधी कधी चाकाच्या दिशेनेच असतात आणि बारीक टायर सरळ आत जातो, उखडलेले पेव्हर ब्लॉक, काँक्रीटचा रस्ता आणि गटाराच्या कडेमधली फट, वाळू, भाजीवाल्याच्या पाटीतून सांडलेलं पाणी, आणि लाइनीत उभ्या केलेल्या गाड्या ज्यांचं दार कधीही उघडेल. कडेने चालवणारा माणूस दर पन्नास फुटांवर यातलं काहीतरी चुकवायला अचानक उजवीकडे येतो, आणि मागच्या गाडीवाल्याला ते "मधेच घुसला" असं दिसतं. चूक त्याच्या वळण्यात कमी आणि आधीच्या कडेला चिकटण्यात जास्त आहे.

म्हणून कडेपासून साधारण एक मीटर सोडून सरळ रेषेत चालवा. उभ्या गाड्या असतील तर त्यांच्यापासूनही एक मीटर, म्हणजे दार उघडलं तरी लागणार नाही इतकं. दोन उभ्या गाड्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत शिरून परत बाहेर येऊ नका, मागच्याला तुम्ही नाहीसे होऊन परत उगवल्यासारखे दिसता. सरळ चाला, तुमची रेष मागच्याला वाचता आली पाहिजे.

जिथे रस्ताच इतका अरुंद आहे की सायकल आणि गाडी शेजारी शेजारी मावतच नाहीत, तिथे तेवढ्यापुरती लेनच्या मधोमध घ्या. मेट्रो ४ च्या कामाच्या बॅरिकेडमुळे एलबीएसवर अशा जागा किती वर्षं होत्या ते इथल्या लोकांना माहितीय. तिथे कडेला राहिलात तर मागचा गाडीवाला "होईल, होईल" म्हणत गाडी दामटतो आणि तुम्ही पत्रा आणि चाक यांच्यामध्ये दाबले जाता. मधे असलात तर तो थांबतो. चिडेल, हॉर्न मारेल, पण थांबतो. आणि मग आपलं काम हे, की रस्ता रुंद झाला की लगेच डावीकडे येऊन हात दाखवायचा, जा म्हणून. मागे चार-पाच गाड्या साचल्या असतील तर बाजूला जागा बघून दहा सेकंद थांबलं तरी चालतं. लेन घ्यायचा हक्क आणि साइड द्यायची रीत या दोन्ही गोष्टी एकत्रच शिकायच्या.

ग्रुपने जाणाऱ्यांना एक वेगळं सांगायचंय. रविवारी पहाटे ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर तीन-तीन, चार-चारच्या ओळीत गप्पा मारत जाणारे ग्रुप मी बघते आणि मला वाईट वाटतं, कारण त्यांच्यामुळे गाडीवाल्यांना येणाऱ्या रागाची किंमत सोमवारी सकाळी एकटा पाववाला मोजतो. रस्ता अगदी मोकळा असेल तर फार तर दोघं शेजारी, मागून गाडी आली की एकामागे एक.

हात दाखवणं, मान वळवणं, आणि आरशातलं तोंड

लेन बदलायची असेल किंवा वळायचं असेल तर क्रम असा. आधी ज्या बाजूला जायचंय त्या खांद्यावरून मागे बघा. मग त्या बाजूचा हात खांद्याच्या रेषेत सरळ बाहेर काढा, कोपरातून अर्धवट हलवलेला हात कोणाला कळत नाही. मग दोन-तीन सेकंद थांबा आणि परत बघा, मागचा स्लो झालाय का. झाला असेल तरच हात परत हँडलवर आणून वळा. बरेच जण हात काढतात आणि त्याच क्षणी वळतात, म्हणजे विचारलं पण उत्तर ऐकलंच नाही. स्लो होताना तळहात खाली करून हात वरखाली हलवा. आणि कोणी साइड दिली की हात वर करा, मान हलवा, काहीही करा पण त्याला दिसू द्या. मुंबईत आभार मानायला वेळ नसतो असं म्हणतात पण अर्धा सेकंद असतो, आणि ज्याला तो अर्धा सेकंद मिळतो तो पुढच्या सायकलवाल्यालाही साइड देतो हे मी बघितलंय.

आमच्या गल्लीत येणारे पाववाले चाचा गेली पंचवीस वर्षं सायकलवर आहेत. त्यांनी मला सुरुवातीला एकच गोष्ट सांगितली होती, की पुढच्या गाडीच्या आरशात ड्रायव्हरचं तोंड दिसलं तरच त्याला आपण दिसतो असं समजायचं, आरशात नुसतं आभाळ किंवा गाडीचा पत्रा दिसत असेल तर त्याच्यासाठी आपण नाहीच आहोत. माझ्यासाठी याच्यापेक्षा उपयोगी वाक्य दुसरं नाही. गाडी चालवताना मी उलटं करते, वळायच्या आधी आरशात सायकलवाल्याचं तोंड शोधते.

चार जागा जिथे सगळ्यात जास्त बिनसतं

पहिली, बस. बेस्टची मोठी बस साधारण १२ मीटर लांब असते आणि तिच्या डाव्या अंगाला पुढच्या चाकाजवळ जी जागा आहे ती ड्रायव्हरला नीट दिसत नाही. स्टॉप जवळ आला की बस डावीकडे येणारच, तिला यावंच लागतं, त्यामुळे स्टॉपच्या आधी बसच्या डावीकडून पुढे काढायला जायचं नाही, कितीही जागा दिसली तरी. मागे थांबा, किंवा उजवीकडून मागे बघून, हात दाखवून जा. उतरणारे लोक पण डावीकडेच उतरतात आणि त्यांच्या अंगावर सायकल गेली तर चूक आपलीच.

ट्रक, डंपर आणि टँकरचं याहून वाईट. लांब गाडी वळताना मागचं चाक पुढच्या चाकाच्या रेषेत जात नाही, आतल्या बाजूने कापत जातं. सिग्नलला ट्रकच्या डावीकडे रिकामी जागा दिसते, आपण तिथे जाऊन उभे राहतो, सिग्नल सुटतो, ट्रक डावीकडे वळतो आणि ती जागा बंद होत जाते. पुढे जायचंच असेल तर इतकं पुढे जा की ड्रायव्हर काचेतून तुम्हाला बघू शकेल, नाहीतर सरळ मागे थांबा.

दुसरी, डावं वळण. गाडीवाल्यांनो हे तुमच्यासाठी. सायकल दिसली, तिला ओव्हरटेक केलं आणि लगेच लेफ्ट मारला, हे आपण सगळे करतो कारण सायकल म्हणजे जवळजवळ उभीच आहे असं आपल्याला वाटतं. साधा सायकलवाला ताशी १८ किलोमीटरने जात असला तरी सेकंदाला ५ मीटर येतो. वळण २० मीटरवर असेल तर तो चार सेकंदांत तिथे आहे, आणि तुम्ही वळायला ब्रेक लावून स्लो होणार म्हणजे बरोब्बर त्याच्यासमोर आडवे. अशा वेळी त्याच्या मागे राहा, त्याला वळण पार करू द्या, मग वळा. जातात ते तीन-चार सेकंद. गांधीनगर जंक्शनला, जिथे जेव्हीएलआर (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड) लागतो, मी रोज सकाळी हा प्रकार बघते. इंडिकेटर आधी दिला तर अर्ध्या वेळा आम्हीच थांबून तुम्हाला जाऊ देऊ.

तिसरी, रिक्षा आणि टॅक्सी. रिक्षावाल्याचं लक्ष फूटपाथवर असतं, कोणी हात दाखवतंय का, आणि दाखवला की ती जिथे आहे तिथून डावीकडे येते. फूटपाथवर माणूस हात वर करताना दिसला की रिक्षा बघायच्या आधीच ब्रेकवर बोटं ठेवा. सायन-माहीमच्या पलीकडे, दक्षिणेकडच्या शहरात रिक्षा नाहीत पण टॅक्सी आहेत, आणि टॅक्सी रस्त्यात थांबून डाव्या दाराने पॅसेंजर उतरवते, त्या दारात आणि फूटपाथमध्ये आपण असतो. थांबलेल्या टॅक्सीच्या डावीकडून जायचंच नाही.

दारावरून एक सवय सांगते, घरातल्या सगळ्यांना लावा. दाराच्या जवळच्या हाताने दार उघडायचं नाही, लांबच्या हाताने उघडायचं. ड्रायव्हरने उजवं दार डाव्या हाताने, डावीकडे बसलेल्याने डावं दार उजव्या हाताने. असं केलं की अंग आपोआप वळतं आणि नजर मागे जाते. माझ्या बाबांनी सत्तरीत ही सवय लावून घेतली, महिनाभर लागला, आता विसरत नाहीत.

चौथी, उड्डाणपुलाचं तोंड. हायवेवर डावीकडून चालवत असताना मधेच रस्ता फुटतो, वर जाणाऱ्या गाड्या उजवीकडे, खालून जाणाऱ्या डावीकडे, आणि आपण मधे सापडतो. ताशी ६० ने येणारी गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर येते, ड्रायव्हरला आपण दिसून त्याचा पाय ब्रेकवर जाईपर्यंतच तेवढं अंतर संपलेलं असतं. माझं मत विचाराल तर खालचा रस्ता किंवा सर्व्हिस रोड घ्या, दोन सिग्नल जास्त लागतील. सी लिंक, कोस्टल रोड, ईस्टर्न फ्रीवे, अटल सेतू इथे सायकलला मनाईच आहे, तिथे जाऊन वाद घालू नका.

गाडीवाल्यांसाठी अजून थोडं

सायकलला ओव्हरटेक करताना अंतर किती? जर्मनीत २०२० पासून शहरात किमान दीड मीटर बंधनकारक आहे. मुंबईत दीड मीटर दर वेळी मिळेल असं मी म्हणत नाही, पण निदान एक मीटर सोडा, आणि तेवढं नसेल तर ओव्हरटेक करू नका, कारण जिथे एक मीटर नाही तिथे पुढे ट्रॅफिक तुंबलेलंच असतं आणि पुढच्या सिग्नलला आपण दोघं परत शेजारीच असतो.

हॉर्न. अगदी पाठीमागे येऊन जोरात मारलेल्या हॉर्नने माणूस दचकतो आणि दचकलेल्या माणसाचं हँडल हलतं. द्यायचाच असेल तर वीस-पंचवीस मीटर मागून एकदा, छोटा. २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी हॉर्नचा आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल सिग्नलचे सेकंद परत पहिल्यापासून सुरू होतील असा प्रयोग केला होता, लोकांना आवडला, चर्चा झाली, पण सवय काही सुटली नाही. समोरून सायकल येत असेल तर अप्पर मारू नका, डिप्परवर या. आणि पावसात साचलेल्या पाण्यातून सायकलच्या बाजूने जाताना स्लो व्हा. पाण्याचा फवारा अंगावर आला की डोळे मिटतात, आणि पाण्याखाली काय आहे ते आधीच दिसत नसतं. २०१७ च्या २९ ऑगस्टला तुंबलेल्या पाण्यात उघड्या मॅनहोलमध्ये पडून शहरातले एक नामवंत डॉक्टर गेले, ते चालत होते. सायकलवाल्यांनी पण पाणी गुडघ्याच्या जवळ आलं की उतरायचं, आणि शक्यतो तिथून परतच फिरायचं.

भडकलं तर काय

तीन वर्षांपूर्वी भांडुपला सोनापूर सिग्नलच्या अलीकडे एका टेम्पोने मला इतका जवळून कट मारला की माझं कोपर त्याला घासलं. पुढे सिग्नलला तो थांबला होता, मी जाऊन त्याच्या पत्र्यावर जोरात थाप मारली. तो खाली उतरला, मी ओरडले, तो ओरडला, पंधरा माणसं जमली, त्यातली निम्मी "बाई माणूस आहे जाऊ दे" म्हणत होती, त्याने मला अजून राग आला. दहा मिनिटांनी तो निघून गेला. त्याला शेवटपर्यंत कळलंच नाही की त्याने काय केलं होतं, त्याच्या दृष्टीने एका बाईने येऊन त्याच्या गाडीला मारलं. माझी तक्रार खरी होती आणि मी ती त्या थापेत घालवली.

त्यानंतर मी ठरवलेले नियम. दुसऱ्याच्या गाडीला हात लावायचा नाही, आरसा, बोनेट, काच काहीच नाही. पहिल्या मिनिटात बोलायचं नाही, बाजूला थांबून पाणी प्यायचं. सिग्नलला तो भेटलाच आणि काच खाली असेल तर "अहो दादा, मगाशी फार जवळून गेलात, मी पडले असते" एवढंच, काय झालं आणि काय होऊ शकलं असतं. "आंधळा आहेस का", "दिसत नाही का" याला उत्तर नेहमी शिवीच येते. बरेच जण खरंच म्हणतात, सॉरी, दिसला नाहीत. जो गाडीतून उतरायला लागला त्याच्यापासून सायकल घेऊन फूटपाथवर, दुकानाजवळ, माणसांत जायचं. धमकी किंवा मारहाण असेल तर ११२. नंबर प्लेट मोठ्याने म्हणत राहायची, म्हणजे ती लक्षातही राहते आणि आजूबाजूच्यांना ऐकूही जाते. आणि आपली चूक असेल, राँग साइडने आलो असू, सिग्नल तोडला असेल, तर लगेच हात वर करून चुकलं म्हणायचं. सायकल आहे म्हणून सिग्नल आपल्यासाठी नाही असं वागणाऱ्यांनी आमचं खूप नुकसान केलंय.

धडक झालीच तर

आधी रस्त्यातून बाजूला, पण हाडाला किंवा मानेला लागल्यासारखं वाटत असेल तर स्वतःहून उठू नका, लोकांना ट्रॅफिक थांबवायला सांगा. ॲम्ब्युलन्सला १०८, पोलिसांना ११२. जमलं तर गाडीचा नंबर, सायकल पडलेली जागा आणि आजूबाजूची दुकानं येतील असे फोटो, कारण दुकानाचा सीसीटीव्ही नंतर कामाला येतो आणि तो काही दिवसांत पुसला जातो. "जाऊ दे, काही झालं नाही" म्हणून लगेच सोडू नका, अंग गरम असताना दुखत नाही, संध्याकाळी कळतं. तक्रार ट्रॅफिक चौकीत नाही, त्या भागातल्या पोलीस स्टेशनला करायची असते. गाडीवाल्याने जखमीला मदत मिळवून देणं आणि पोलिसांना कळवणं हे मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे त्याचं कर्तव्यच आहे, आणि मदत करणाऱ्या तिसऱ्या माणसाला कलम १३४ए चं संरक्षण आहे, त्यामुळे उचलायला घाबरू नका. २०२५ पासून अपघातातल्या जखमीला पहिल्या ७ दिवसांत दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचारांची केंद्राची योजना आहे, ठरलेल्या हॉस्पिटलमध्ये, ती मोटारगाडीने उडवलेल्या सायकलवाल्यालाही लागू होते. हॉस्पिटलमध्ये गेल्या गेल्या विचारा. गाडीवाला पळून गेला आणि सापडलाच नाही तर हिट अँड रनची भरपाई आहे, गंभीर जखमेला ५० हजार, मृत्यू झाला तर घरच्यांना २ लाख.

शेवटचं एक छोटं काम, आजच करा. मागच्या पावसाळ्यात कांजूरला एक वॉचमन सायकलवरून पडलेले दिसले, बेशुद्ध, फोन लॉक, खिशात काही नाही. आम्ही तिघं-चौघं त्यांना घेऊन गेलो, पण घरच्यांना कळायला दोन तास लागले, शेवटी त्यांच्या घरून फोन आला तेव्हा कळलं. तेव्हापासून माझ्या सायकलच्या सीटखाली प्लास्टिकमध्ये गुंडाळून एक चिठ्ठी चिकटवलेली असते, नाव, रक्तगट, घरचे दोन नंबर. दुसरी बॅगेत. पाववाल्या चाचांच्या सायकललाही मीच लिहून चिकटवून दिलीय, दर पावसाळ्याच्या आधी बदलते, शाई उडते म्हणून.